हँगओव्हरच्या सकाळी ओआरएस कसं घ्यायचं: पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी

तोंडाला कोरड, डोकं ठणकतंय, पोटात ढवळतंय. अशा एका सकाळी मला कुणीतरी सांगितलं, "ओआरएस घे, अर्ध्या तासात ठणठणीत होशील." कपाटात ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, एक पुडी होती. ती फाडली, समोरच्या ग्लासात ओतली, चमच्याने दोनदा ढवळलं आणि एका दमात संपवलं. घशाखाली उतरताना अंगावर काटा यावा इतकं ते खारट होतं. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं आणि तासाभरात जुलाबही सुरू झाले. संध्याकाळी ती फाटकी पुडी केराच्या टोपलीतून काढून वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एक लिटर पाण्यात विरघळवा. माझा ग्लास दोनशे मिलिलिटरचा होता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. मित्रमंडळींत कुणाची सकाळ अशी उजाडली की उशाशी बसून चमच्याने पाणी पाजायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे आलं. त्या अनुभवातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच घेणार असाल तर पायऱ्या गाळू नका, विशेषतः पहिली.

१. आधी बघा, हा हँगओव्हरच आहे ना?

माणूस जागा आहे, नीट बोलतोय, स्वतःच्या हाताने ग्लास धरू शकतोय, तरच पुढच्या पायऱ्यांकडे वळा.

हाका मारून, हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ-नखं निळसर झाली असतील, अंग गार पडलं असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध नसताना उलटी होत असेल, तर ती दारूची विषबाधा आहे. पाणी, ओआरएस, कॉफी काहीही तोंडात घालू नका. त्याला कुशीवर वळवा, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत जवळून हलू नका. "झोपू दे, उतरेल आपोआप" हे वाक्य जिवावर बेतू शकतं. शेवटचा पेला संपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची अवस्था आणखी बिघडू शकते.

दुसरी खूणगाठ रोज पिणाऱ्यांसाठी. रोजची सवय असलेल्या माणसाला सकाळी हात थरथरणं, घाम, छातीत धडधड आणि जीव घाबरा होणं असा त्रास होत असेल, तर त्याला हँगओव्हर म्हणून सोडून देऊ नका. दारू शरीरातून कमी झाल्याची ती लक्षणं असू शकतात. ती शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत सुरू होतात, आणि पुढे झटके येण्यापर्यंत किंवा भ्रम होण्यापर्यंत जाऊ शकतात. त्यावर ओआरएसचा उपयोग नाही, डॉक्टरच हवेत. अशा माणसाने मनानेच एकदम दारू तोडणंही धोक्याचं असतं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

२. हे पाणी नेमकं काय करतं ते समजून घ्या

ही पायरी वाचायचा कंटाळा येईल, पण ती कळली की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

शरीरातलं पाणी धरून ठेवायला मूत्रपिंडांना सांगणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मेंदूतून सुटतं. दारू ते दाबून टाकते. म्हणून पिताना सारखं लघवीला जावं लागतं आणि सकाळी तोंड सुकतं. या लघवीतून जातं ते मुख्यतः पाणी. मीठ, पोटॅशियम वगैरे क्षार त्या मानाने थोडेच जातात. क्षारांची खरी गळती होते ती उलट्या, जुलाब आणि भरपूर घाम यांतून.

आता नुसत्या पाण्यापेक्षा ओआरएस वेगळं का, ते बघू. लहान आतड्याच्या पेशींच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज या दोघांना जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना १९६० मध्ये प्राग इथे मांडली. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात असली की आतडं झपाट्याने पाणी शोषतं. जलसंजीवनीची सगळी करामत ती एवढीच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या छावणीबद्दल वाचल्यापासून मी ही पुडी जरा आदराने हाताळतो. हे पाणी मापात करायचं असतं आणि मापात प्यायचं असतं.

आता मर्यादा. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नकोसा वाटतो, हातपाय गळतात, हे सगळं केवळ पाणी कमी झाल्यामुळे होत नाही. यकृत दारूचं रूपांतर आधी ॲसिटाल्डिहाइडमध्ये आणि मग ॲसिटेटमध्ये करतं. यातलं पहिलं विषारी असतं. शिवाय शरीरात दाह होतो, जठराचं अस्तर चिडतं, झोप तुटक लागते, रक्तातली साखर घसरू शकते. यांतलं काहीही क्षारांनी दुरुस्त होत नाही. संशोधकांनी हँगओव्हर असलेल्या माणसांच्या रक्तातले क्षार मोजून पाहिले, तेव्हा ते किती कमी झालेत आणि त्रास किती होतोय यांचा ठाम संबंध सापडला नाही. २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आणि २०२२ मध्ये 'ॲडिक्शन'मध्ये हँगओव्हरवरच्या उपायांच्या चाचण्यांचे आढावे छापून आले. खात्रीने लागू पडतो असा एकही उपाय त्यांत निघाला नाही.

मग घ्यायचं कशाला? तहान, कोरड, उभं राहताना येणारी चक्कर, उलट्यांनंतरचा गळाठा हा त्रास खरा असतो आणि तो या पाण्याने कमी होतो. बाकीचा त्रास वेळच कमी करते. इतकी अपेक्षा ठेवून घेतलंत तर पदरी निराशा येणार नाही.

३. तुमची सकाळ कशी आहे ते ठरवा

नुसती तहान आणि डोकेदुखी असेल, उलटी-जुलाब नसतील, तर साधं पाणी आणि थोडं खाणं पुरतं. ओआरएस घेतलंत तर बिघडत नाही, पण त्याची गरजही नसते.

दोन-तीन उलट्या झाल्यात, पातळ जुलाब झालेत किंवा रात्रभर नाचून, उकाड्यात बसून कपडे भिजेपर्यंत घाम गेलाय, तर ओआरएसच घ्या. अशा वेळी नुसतं पाणी लिटरच्या लिटर पिणं चूक आहे. गेलेलं मीठ भरून न काढता पाणीच ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यानेही डोकं दुखतं आणि मळमळतं, म्हणजे ज्यावर उपाय करायला गेलात तेच वाढतं.

चमचाभर पाणीही पोटात टिकत नसेल, तर सरळ शेवटची पायरी वाचा.

४. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये

एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला अख्ख्या दिवसासाठी सांगितलेली मर्यादा दोन ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे एका लिटरमध्ये जवळजवळ दिवसभराचा कोटा संपतो. ज्याच्या शरीरातून मीठ गेलंय त्याला ते हवंच असतं. पण उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याला तेच जड जाऊ शकतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांना पोटॅशियमही त्रासदायक ठरतं. या मंडळींनी डॉक्टरांना एक फोन करूनच घ्यावं.

मधुमेह असेल तर आधी साखर तपासा. ओआरएसमध्ये ग्लुकोज आहे म्हणून साखर वाढण्याची भीती सगळ्यांना वाटते. पण दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही, त्यामुळे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर सकाळी धोकादायक खालीही गेलेली असू शकते. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं ही लक्षणं हँगओव्हरसारखीच दिसतात, आणि आजूबाजूचे "अजून उतरली नाहीये" म्हणून सोडून देतात. शंका आली तर यंत्राने मोजा, अंदाज बांधू नका.

५. जवळ काय काय हवं

शक्यतो आदल्या दिवशीच काढून ठेवा. सकाळी शोधाशोध करायचं त्राण नसतं.

- ओआरएसच्या दोन पुड्या. मुदत संपलेली नाही ना आणि पुडी ओलसर किंवा गोळा झालेली नाही ना, ते बघून.
- एक लिटरची बाटली किंवा मापाच्या खुणा असलेलं भांडं. यात तडजोड नको.
- उकळून गार केलेलं किंवा खात्रीचं पिण्याचं पाणी.
- पाच मिलिलिटरचा चमचा. औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तो चालतो.
- घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर.
- उलटीसाठी बादली आणि एक ओला रुमाल.
- पोटाला हलकं काहीतरी: केळं, ब्रेड, बिस्किटं.

६. कोणतं पेय ते लेबल वाचून ठरवा

दुकानाच्या फळीवर एकाच रांगेत वेगवेगळ्या गोष्टी उभ्या असतात आणि सगळ्यांवर "इलेक्ट्रोलाइट" म्हणजे क्षार असं लिहिलेलं असतं. पुढची बाजू विसरा, पाकीट उलटं करा.

खरं ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून सांगितलेलं सूत्र. एक लिटरसाठी मीठ (सोडियम क्लोराइड) २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे चार आकडे किंवा त्यांच्या अगदी जवळचे आकडे दिसले की ते पाकीट घ्या. लहान पुडीवर आकडे लहान असतील, पण आपसातलं प्रमाण तेच हवं.

खेळाडूंची पेयं वेगळी असतात. त्यांत साखर साधारण सहा टक्के, म्हणजे लिटरला साठ ग्रॅमच्या आसपास, आणि सोडियम ओआरएसच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकंच. धावणाऱ्याला इंधन हवं असतं, त्याच्यासाठी ती बनवलेली आहेत. नुसत्या तहानेच्या सकाळी ती चालतील. उलट्या-जुलाबांनंतर इतकी साखर आतड्याला जड जाते.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. चवीला बरं, पोटात टिकतं, पण उलट्यांत गेलेलं मीठ त्यातून फारसं भरून येत नाही. बिनसाखरेच्या विरघळणाऱ्या गोळ्यांत क्षार असतात, पण वर सांगितलेली जोडी जमायला ग्लुकोज नसतं. त्या घेतल्यात तर सोबत दोन घास खा.

एनर्जी ड्रिंक मात्र घेऊ नका. डबा दिसायला सारखा असला तरी आत कॅफीन आणि साखरेचा मारा असतो. आधीच धडधडणाऱ्या छातीला आणि चिडलेल्या जठराला ते नको.

पुडी नसेल तर घरचं पाणी: एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा पाच मिलिलिटरचा. "सपाट" म्हणजे चमचा भरून वरून सुरीची पाठ फिरवायची, शीग काढून टाकायची. शिगोशीग भरलेला मिठाचा चमचा म्हणजे जवळजवळ दुप्पट मीठ. या पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून पोट सावरल्यावर केळं खा. पुडी असेल तर पुडीच बरी. घरच्या मापात हात चुकतोच, आणि हँगओव्हरमध्ये जास्तच चुकतो.

७. मिसळताना

पुडीवर पाण्याचं माप काय आहे ते मोठ्याने वाचा. खरंच मोठ्याने. पुड्या दोनशे मिलिलिटरच्या, पाचशेच्या आणि एक लिटरच्याही मिळतात आणि दिसायला बहिणी-बहिणी असतात. माझी चूक इथेच झाली.

ती चूक इतकी महागात का पडली, तेही सांगतो. नीट कालवलेल्या ओआरएसची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, लिटरला २४५ मिलिऑस्मोल असते. रक्ताची असते २८५ ते २९० च्या आसपास. ओआरएस रक्तापेक्षा पातळ असल्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. लिटरची पुडी दोनशे मिलिलिटरमध्ये कालवली की ही दाटी पाचपट होते, बाराशेच्या वर. मग प्रवाह उलटा फिरतो. शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, पोट फुगतं, ढवळतं, जुलाब होतात. मी पाणी भरायला निघालो होतो आणि होतं तेही घालवून बसलो.

तेव्हा क्रम असा. हात धुवा. बाटलीत आधी मोजून पूर्ण पाणी घ्या, मग पूर्ण पुडी ओता. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात कालवू नका. पुडीतले घटक खाली-वर बसलेले असतात, कुठल्या अर्ध्यात काय येईल सांगता येत नाही. झाकण लावून तळाशी दाणे दिसेनासे होईपर्यंत हलवा. कालवल्यावर उकळू नका. त्यात साखर, सरबत, सोडा, फळांचा रस घालू नका, पुन्हा दाटी वाढते. चव सोसवत नसेल तर गार करून प्या. थंड झालं की खारटपणा बराच कमी लागतो.

एक घोट चाखून बघा. अश्रूंच्या चवीपेक्षा खारट लागलं तर माप चुकलंय. ओतून द्या आणि नव्याने करा.

८. पिताना: ही पायरी घाईने करू नका

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, कारण तहान प्रचंड असते आणि घटाघटा प्यावंसं वाटतं. चिडलेलं जठर एकदम ताणलं गेलं की उलटी होते, आणि उलटी झाली की प्यायल्यापेक्षा जास्त गमावून बसता.

उलटी झाली असेल तर आधी दहा मिनिटं काहीच घेऊ नका. साध्या पाण्याने चूळ भरा. उलटीतल्या आम्लाने दातांचं कवच मऊ झालेलं असतं, म्हणून लगेच ब्रश मात्र करू नका. पाठीमागे दोन उशा लावून टेकून बसा. आडवं पडून पिऊ नका.

मग टायमर लावा. एक चमचा ओआरएस. जिभेवर घ्या, गिळा, दोन मिनिटं थांबा. पुन्हा एक चमचा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं असंच. एका मित्राला मी असं पाजत होतो. सहाव्या चमच्याला तो वैतागला, म्हणाला, "अरे, ग्लास दे की सरळ." मी दिला नाही. दहाव्या चमच्यापर्यंत त्याच्या कपाळावरचा घाम थांबला. पंधराव्याला त्याने स्वतःहून खिडकीचा पडदा सरकवायला सांगितला. त्या पंधरा चमच्यांत मिळून पाऊण वाटीही पाणी नव्हतं, पण ते सगळं आत राहिलं.

तेवढं टिकलं की चमच्याऐवजी छोटे घोट, पाच-पाच मिनिटांनी दोन-तीन. तासाभरानंतर दर अर्ध्या तासाला साधारण एक ग्लास, म्हणजे दोनशे मिलिलिटर. मधेच मळमळ वाढली तर मागे फिरा, पुन्हा चमच्यावर या. पुन्हा उलटी किंवा जुलाब झाला तर प्रत्येक खेपेमागे दोनशे मिलिलिटर जास्तीचं धरा, पण तेही हळूहळूच.

बहुतेक सकाळी एक लिटर चार-पाच तासांत पुरून उरतो. उलट्या-जुलाब थांबले आणि तहान शमली की ओआरएस बंद करून साध्या पाण्यावर या. "चांगलं आहे तर दुसरा लिटरही घेऊन टाकू" असं करू नका, वरचा सोडियमचा आकडा आठवा.

पुरेसं झालं की नाही हे लघवी सांगते. सकाळची गडद पिवळी लघवी दुपारपर्यंत फिकट पिवळी झाली पाहिजे. अगदी पाण्यासारखी पांढरी व्हायची वाट पाहू नका. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, जीभ ओली असेल, तर गाडी रुळावर आली म्हणायची.

९. सोबत काय करावं, काय टाळावं

पोट सावरल्यावर दोन घास खा. घसरलेली साखर वर यायला मदत होते. मग झोपा. दारूची झोप तुटक असते, आणि तिची भरपाई झोपेनेच होते.

डोकेदुखीच्या गोळीबाबत मात्र थांबून विचार करा. पॅरासिटामॉल यकृतातच मोडलं जातं, आणि रात्रभर दारूशी झुंजलेल्या यकृताला ते घातक ठरू शकतं. नेहमी पिणाऱ्याला किंवा उपाशी माणसाला तर जास्तच. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन चिडलेल्या जठराला आणखी ओरबाडतात, रक्तस्रावही होऊ शकतो. मी स्वतः अशा सकाळी गोळी टाळतो. अंधारी खोली आणि कपाळावर ओला रुमाल यावर भागवतो. अगदीच सोसत नसेल तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला काल किती प्यायलात ते खरं सांगून विचारा.

उतारा म्हणून सकाळी पुन्हा पेग घेणं हा जुना आणि वाईट सल्ला आहे. त्रास तात्पुरता दबतो, कारण शरीरात नवी दारू आलेली असते. ती उतरताना हिशोब पुन्हा चुकता करावाच लागतो. अशा उताऱ्यांतूनच सकाळची सवय लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

"हँगओव्हरसाठी सलाइन" अशी जाहिरात बघून शिरेत सुई टोचून घेण्याच्याही भानगडीत पडू नका. जो तोंडाने पिऊ शकतो, त्याला त्यातून जास्तीचा फायदा होतो असा पुरावा नाही. सुई टोचल्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका मात्र येतो.

आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. ओआरएसने दारू उतरत नाही. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल संपवतं, मग तुम्ही काहीही प्या. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये तेरा ग्रॅम असतं. किती बाटल्या झाल्या आणि शेवटची कधी झाली याचा हिशोब मांडलात तर सकाळी आठलाही रक्तात दारू शिल्लक असल्याचं कळेल. ती शून्यावर आली तरी हँगओव्हर असेपर्यंत लक्ष आणि हात मंदच चालतात.

१०. किती वाट पाहायची आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

त्रास सगळ्यात जास्त होतो तो रक्तातली दारू शून्याजवळ येते तेव्हा. म्हणून "रात्री तर बरा होतो, सकाळीच कसं झालं" असं वाटतं. तिथून पुढे सहसा चोवीस तासांच्या आत माणूस माणसात येतो. ओआरएस घेऊन तासाभरात डोकं थांबलं नाही म्हणून दुसरी पुडी फोडू नका.

पण यांपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय तिथेच थांबवा:

- चमच्या-चमच्याने देऊनही चार-सहा तास काहीच पोटात टिकत नाही
- उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी, किंवा डांबरासारखी काळी शी
- पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी असह्य कळ
- आठ तासांत लघवीच नाही
- ताप, मान आखडणं, असंबद्ध बोलणं, झटके
- रात्री पडून डोक्याला मार लागलाय आणि सकाळी डोकेदुखी वाढतच चाललीय

शेवटचा मुद्दा फार निसटतो. दारूच्या भरात पडलेलं माणसाला आठवतही नाही. सोबत कोण होतं त्यांना फोन करून विचारा, केसांतून हात फिरवून टेंगूळ आहे का बघा.

जाताना पुडीचं रिकामं पाकीट सोबत न्या. किती घेतलं, किती वाजता घेतलं, किती उलट्या झाल्या हे कागदावर लिहून नेलंत तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

घरीच बरं वाटलं तर एकच काम उरतं. बाटलीत राहिलेलं ओआरएस झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि कालवल्यापासून चोवीस तास झाले की ओतून द्या. त्यात साखर असते, जंतूंना ते पाणी आवडतं. बाटलीवर कालवल्याची वेळ पेनाने लिहून ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी प्रश्न पडत नाही.